फरक फक्त २,७९५

अमेरिकेच्या १९२०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोवेल शहराची लोकसंख्या भरली १,१२,७५९. २०२०च्या जनगणनेत ती भरली १,१५,५५४. शंभर वर्षांत वाढ किती, तर २,७९५ माणसं. पुण्याच्या वेशीवर दोन-चार टॉवरांचा एखादा गृहप्रकल्प उभा राहतो, तेव्हा एवढी माणसं वर्षभरात राहायला येतात. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तर कुणालाही वाटावं, हे गाव शतकभर दुपारची झोप काढत होतं.

आता त्याच दोन सालांत गावात बोलल्या जाणाऱ्या भाषा शेजारी ठेवू. १९२०मध्ये गल्ल्यांतून ऐकू यायची क्वेबेकी वळणाची फ्रेंच, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज आणि आयरिश हेल काढून बोललेली इंग्रजी. २०२०मध्ये ऐकू येते ख्मेर, स्पॅनिश, व्हिएतनामी, स्वाहिली आणि पुन्हा पोर्तुगीज. दोन्ही याद्यांत असलेली ही एकच परदेशी भाषा, पण ती बोलणारेही बदलले. तेव्हाचे अझोर्स आणि मदैरा बेटांवरचे होते, आताचे बरेचसे ब्राझीलचे आहेत. आजच्या लोवेलमध्ये पाचातला साधारण एक माणूस आशियाई वंशाचा आहे, चारातल्या एकाहून जास्त जण परदेशात जन्मलेले आहेत आणि दहातल्या चारांच्या घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चालते. आकडा होता तिथेच राहिला आणि त्याच्या आतली माणसं जवळजवळ सगळी बदलली. हे कसं घडलं याचा माग काढायला लागलं की एक नदी, एक चोरी, एक युद्ध आणि पुष्कळसा कापूस हाती लागतो. त्या कापसाचा एक धागा तर थेट आपल्या मुंबईपर्यंत येतो.

नदीचं नाव मेरिमॅक. लोवेलपाशी पॉटकेटच्या धबधब्यावर ती सुमारे ३२ फूट खाली उतरते. पेनाकुक लोक दर वसंतात इथे जमायचे, कारण समुद्रातून वर चढणारे सामन आणि शॅड मासे या उतारापाशी अडखळायचे आणि पकडायला सोपे जायचे. म्हणजे बाहेरून माणसं येऊन जमण्याची ही जागा शहराहून फार जुनी. १७९६मध्ये धबधबा टाळून लाकडांचे तराफे खाली नेता यावेत म्हणून एक कालवा खणला गेला. तो फारसा चालला नाही. पुढे काही बॉस्टनकर व्यापाऱ्यांच्या लक्षात आलं, की या ३२ फुटांत गिरण्या फिरवायची ताकद आहे.

आता चोरी. बॉस्टनचे व्यापारी त्या काळी हिंदुस्थानातून जाडंभरडं सुती कापड आणून विकायचे. आपण ज्याला मांजरपाट म्हणतो त्याच जातीचं. फ्रान्सिस कॅबट लोवेल हा त्यांच्यातलाच एक. १८१०मध्ये तो इंग्लंडला गेला, लँकेशायरच्या गिरण्या हिंडला. यंत्रं आणि त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यावर ब्रिटिशांनी बंदी घातली होती. लोवेलने कागदावर काही घेतलंच नाही. यंत्रमाग कसा चालतो ते डोक्यात भरून घेतलं, घरी परतला आणि पॉल मूडी नावाच्या हुशार कारागिराला हाताशी धरून १८१४मध्ये वॉल्थमला आपला माग चालू केला. कापूस एका दारातून आत आणि तयार कापड दुसऱ्या दारातून बाहेर, सगळं एका छपराखाली.

माग तर चालला, पण हिंदुस्थानी कापड अजून स्वस्त होतं. मग लोवेल वॉशिंग्टनला गेला. १८१६च्या जकात कायद्यात एक मोठी गमतीची तरतूद आहे आणि तिच्यामागे त्याचंच डोकं होतं. आयात सुती कापडाची खरी किंमत काही का असेना, वाराला २५ सेंटांपेक्षा कमी असेल तर ती २५ सेंटच धरायची आणि त्यावर २५ टक्के जकात लावायची. म्हणजे वारामागे सव्वासहा सेंट. महागड्या विलायती कापडाला हे जाणवणारही नाही, पण स्वस्त हिंदुस्थानी कापडावर ही जकात जवळजवळ मालाच्या किमतीएवढी बसली. ज्या मालावर आपलं घर चाललं त्याच मालाला वेशीवर अडवून हा माणूस कारखानदार झाला. आपल्या विणकरांची वाताहत मँचेस्टरने केली असं आपण शाळेत शिकतो. अमेरिकेचं दार बंद करणारा हा सव्वासहा सेंटांचा अडसर आपल्या धड्यांत सहसा नसतो.

लोवेल १८१७मध्ये वारला, जेमतेम ४२ वर्षांचा. त्याच्या भागीदारांनी पॉटकेटच्या धबधब्याभोवतीची शेतं विकत घेतली, १८२३मध्ये पहिली गिरणी सुरू केली आणि १८२६मध्ये गावाला मित्राचं नाव दिलं. त्याने स्वतः ते गाव कधी पाहिलंच नाही.

इथून आपल्या प्रश्नाला हात घालता येतो. आधी गाव आणि मग गिरणी, असं इथे झालं नाही. आधी गिरणी ठरली आणि मग माणसं शोधावी लागली. म्हणजे पहिल्या दिवसापासून या शहराला ‘बाहेरून माणसं आणा’ हेच काम होतं. पेनाकुकांची जमीन दीड शतक आधीच हातची गेली होती, काही शेतकरी कुटुंबं होती तीही शेतं विकून बाजूला झाली. त्यामुळे ‘आम्ही मूळचे लोवेलकर’ असं म्हणणाऱ्याला मी तरी विचारीन, कुठल्या सालापासूनचे?

कालवे खणायला १८२२मध्ये ह्यू कमिस्की नावाचा आयरिश मुकादम बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून तीसेक मजूर घेऊन चालत आला. पुढच्या काही दशकांत सुमारे नऊ किलोमीटर कालवे झाले. शहरभर दोन पातळ्यांवर खेळवलेलं पाणी एका गिरणीचं चाक फिरवून खालच्या कालव्यात उतरतं आणि तिथून पुढच्या गिरणीच्या कामाला लागतं. मजुरांना गावात घरं नव्हती. त्यांनी गावाबाहेर झोपड्या उभ्या केल्या. तो भाग पुढे ‘एकर’ म्हणून ओळखला गेला. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

मागांवर मात्र आयरिश नव्हते. तिथे न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांच्या मुली होत्या, बहुतेक पंधरा ते तिशीतल्या. कंपनीच्या खानावळीत राहायचं, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जायचंच, आणि आठवड्याला सरासरी ७३ तास काम. गिरणगावात भोंगा होता तशी इथे घंटा. रोख पगार स्वतःच्या हातात पडणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या बायकांपैकी. त्यांनी १८४०मध्ये ‘लोवेल ऑफरिंग’ नावाचं स्वतःचं मासिक काढलं. १८४२मध्ये चार्ल्स डिकन्स येऊन बघून गेला आणि चक्क खूश झाला. त्याला बहुधा चांगला दिवस दाखवला असावा, कारण याच मुलींनी १८३४ आणि १८३६मध्ये संप केले होते आणि १८४५मध्ये सेरा बॅग्लीच्या पुढाकाराने दहा तासांच्या दिवसासाठी संघटना बांधली.

त्याच वर्षी आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. उपाशी माणसं जहाजांनी बॉस्टनला उतरू लागली. इकडे गिरण्यांत मागांचा वेग वाढत होता, पगार वाढत नव्हता, आणि शेतकऱ्यांच्या मुलींना शिक्षिकेची नोकरी किंवा पश्चिमेकडचं लग्न बरं वाटू लागलं होतं. हॅमिल्टन कंपनीचे हजेरीपट शाबूत आहेत म्हणून हा बदल मोजता येतो. १८३६मध्ये तिच्या कामगारांत परदेशात जन्मलेले शंभरात चारही नव्हते. १८६०मध्ये ते साठाहून जास्त झाले. चोवीस वर्षांत गिरणीच्या आतलं जग उलटंपालटं झालं आणि बाहेरून इमारत मात्र जशीच्या तशी.

मग युद्ध. लोवेलचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या हातचा होता आणि गुलामांच्या अंगावरचं भरड कापडही अनेकदा याच गिरण्यांचं. इतकं, की दक्षिणेत त्या जाड्याभरड्या कापडालाच ‘लोवेल’ म्हणायचे. १८६१मध्ये यादवी पेटली, कापूस आटला. लोवेलच्या मालकांना वाटलं लढाई लवकरच आटोपेल. त्यांनी गोदामातला कापूस चढ्या भावात विकून टाकला, माग बंद केले आणि हजारो कामगारांना वाटेला लावलं. हाच तो काळ, जेव्हा मँचेस्टरला कापूस हवा म्हणून मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. प्रेमचंद रायचंद, बॅक बे भराव कंपनीचे शेअर आणि १८६५मध्ये उडालेला फज्जा ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. तिचं दुसरं टोक लोवेलच्या कुलूपबंद गिरण्यांत आहे, हे मात्र आपण कधी जोडून पाहत नाही.

लढाई संपली तेव्हा मालकांना कामगार हवे होते आणि जुने पांगले होते. ती जागा क्वेबेकच्या फ्रेंच शेतकऱ्यांनी भरली. तिथे जमिनीचे वाटे पडून पडून शेत पोटापुरतं उरलं नव्हतं, आणि आगगाडीने लोवेल एका दिवसाच्या टप्प्यात आलं होतं. १८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख माणसांनी क्वेबेक सोडलं. ती कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन आली. आधी एक भाऊ येणार, खोली धरणार, मुकादमाशी बोलून ठेवणार आणि गावाकडे निरोप धाडणार. कोकणातल्या एकेका गावाने परळ-लालबागला खोली घ्यायची आणि नव्या चाकरमान्याने थेट तिथेच पथारी टाकायची, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे यंत्र वेगळं समजावून सांगायला नको. लोवेलमध्ये या लोकांनी ‘लिटल कॅनडा’ वसवलं, लाकडी इमारती एकमेकींना खेटून. चर्च फ्रेंच, शाळा फ्रेंच, वर्तमानपत्र फ्रेंच.

यावर सरकारची प्रतिक्रिया काय, तर १८८१मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कामगार सांख्यिकी खात्याने आपल्या अहवालात त्यांना ‘पूर्वेकडच्या राज्यांतले चिनी’ म्हटलं. म्हणजे येतात, कमावतात, निघून जातात, इथले होत नाहीत. ही शिवी होती, आणि ती दोघांनाही एकदमच दिली होती. पुढच्याच वर्षी, १८८२मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला. फ्रेंच मंडळींनी खात्याविरुद्ध एवढं रान उठवलं की खात्याला त्यांची सुनावणी घ्यावी लागली. या लोकांच्याच लोवेलमध्ये १९२२ साली एक मुलगा जन्मला, जो सहा वर्षांचा होईपर्यंत घरात फ्रेंचच बोलत होता. जॅक केरुअॅक. पुढे अमेरिकन इंग्रजी गद्याला त्याने जी धाव दिली, ती दुसऱ्या भाषेतून धावत आलेल्या माणसाची होती. त्याची तिसरी बायको स्टेला सॅम्पस, लोवेलचीच, ग्रीक घरातली.

कारण तोवर ग्रीक आले होते. १८९०नंतर मार्केट स्ट्रीटवर त्यांची कॉफीगृहं उघडली आणि १९०८मध्ये बायझंटाइन घुमटाचं होली ट्रिनिटी चर्च उभं राहिलं. कुठे, तर एकरमध्ये. आयरिशांनी झोपड्या बांधल्या होत्या तिथेच. आयरिश तोवर पोलीस, कंत्राटदार आणि नगरसेवक होऊन जरा बऱ्या वस्तीत सरकले होते. हे या शहराचं एक न लिहिलेलं वेळापत्रकच आहे. नवा माणूस एकरमध्ये उतरतो, जुना तिथून वर चढतो. त्याच जिन्यांवर पुढे पोर्तो रिकोचे लोक चढले आणि त्यांच्यामागून कंबोडियाचे. १८३१मध्ये आयरिशांसाठी स्थापन झालेल्या सेंट पॅट्रिक चर्चमध्ये आज स्पॅनिश आणि व्हिएतनामीतही प्रार्थना होते.

१९२४मध्ये हे यंत्र थांबलं. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोटे ठरवले. दक्षिण आणि पूर्व युरोपच्या वाट्याला चिमूटभर, आशियाला जवळजवळ काहीच नाही. त्याच सुमारास गिरण्याही स्वस्त मजुरीच्या शोधात दक्षिणेकडे निघाल्या. पुढची पन्नास वर्षं मी एका ओळीत उरकतो, कारण ती तशीच गेली: खिडक्या फुटल्या, तरुण गेले, १९६०च्या दशकात शहर सुधारायचं म्हणून लिटल कॅनडा जमीनदोस्त केलं, आणि १९८०मध्ये लोकसंख्या ९२,४१८वर आली. एक दृश्य मात्र वगळवत नाही. १९६५मध्ये देशवार कोटे गेले, आणि दशक संपता संपता लोवेलच्या उरल्यासुरल्या गिरणीला जुने माग दुरुस्त करणारे हात मिळेनात, तेव्हा ते कोलंबियाच्या कापड गिरण्यांतून आणले गेले. शेवटचे माग तरी चालावेत म्हणून दक्षिण अमेरिकेतून माणूस यावा लागला.

यंत्र पुन्हा सुरू झालं ते दोन माणसांमुळे आणि एका भीषण घटनेमुळे. पहिला माणूस पॉल त्सोंगस, ग्रीक धोब्याच्या दुकानातून निघून संसदेत पोचलेला. त्याने पडक्या गिरण्या पाडू न देता १९७८मध्ये त्यांना राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळवून दिला. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटलं की बिबट्या डोळ्यांसमोर येतो. इथे माग आहेत, चालू अवस्थेत. त्यांच्या दालनात शिरताना पाहुण्यांना कानात घालायचे बोळे देतात.

दुसरा माणूस अॅन वांग. शांघायमध्ये जन्मलेला, १९४५मध्ये शिकायला हार्वर्डला आलेला संगणक अभियंता. चिनी लोकांवरची बंदी उठून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९७६मध्ये त्याने आपल्या वांग लॅबोरेटरीजचं मुख्यालय लोवेलला आणलं आणि तीन मनोरे बांधले. पंचाण्णव वर्षांमागे ज्यांना ‘पूर्वेकडचे चिनी’ म्हणून हिणवलं, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आता खऱ्याखुऱ्या चिनी माणसाच्या कंपनीत नोकऱ्या मिळत होत्या. इतिहासाला विनोदबुद्धी असते असं नाही, पण कधीकधी योगायोग फार नेमका साधतो.

भीषण घटना कंबोडियातली. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूजच्या राजवटीत सतरा ते वीस लाख माणसं उपासमार, वेठ आणि कत्तलीत मेली. वाचलेले थायलंडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांत गेले आणि १९८०च्या निर्वासित कायद्याखाली अमेरिकेत येऊ लागले. त्यांना एका जागी गोळा होऊ द्यायचं नाही, देशभर विखरून टाकायचं, असं धोरण होतं. कुठल्या एका गावावर बोजा नको आणि ते लवकर ‘अमेरिकन’ व्हावेत. कागदावर ते शहाणपणाचं दिसतं. पण सगळं कुटुंब हरवून बसलेल्या माणसाला तुम्ही अशा गावात ठेवलं जिथे त्याची भाषा कळणारं कुणी नाही, तर तो पहिली संधी मिळताच आपल्या माणसांचा ठाव शोधत निघणारच. तसे ते निघाले, आणि त्यांतले पुष्कळसे लोवेलला पोचले. सरकारने एकदा वसवलेली माणसं स्वतः दुसऱ्यांदा वसली.

लोवेलच का? सर्किट बोर्डावर डाग देण्याच्या कामाला इंग्रजी लागत नव्हतं आणि वांगच्या कृपेने अशी कामं भरपूर होती. एकरमधली घरं स्वस्त होती. आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर शेजारच्या नॉर्थ चेम्सफर्डला बौद्ध विहार झाला. त्याचं नाव त्रैरतनाराम. मराठी कानाला भाषांतराची गरज नाही: त्रिरत्नांचा आराम, बुद्ध-धम्म-संघाचा विहार. तसंच त्यांचं एप्रिलच्या मध्यावर येणारं नवं वर्ष, ज्याच्या पहिल्या दिवसाचं नाव ‘महा संक्रान’. आपली मेष संक्रांत आणि ती एकच. भिक्खू आले म्हणजे मृतांचे विधी होऊ शकतात, आणि या लोकांच्या घरोघरी विधी न झालेले मृत होते. मला वाटतं, नोकरीइतकंच या एका गोष्टीनेही माणसं खेचली. पाहता पाहता लोवेल कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचनंतर अमेरिकेतलं दुसऱ्या क्रमांकाचं कंबोडियन शहर झालं. २०१०च्या जनगणनेने त्यांना तेरा हजारांच्या आसपास मोजलं. समाजातले लोक याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. सरकारी यादीत नाव आलं की काय होतं हे सत्तरच्या दशकात पाहिलेला माणूस जनगणनेचा फॉर्म आनंदाने भरील अशी अपेक्षा तरी कशी करायची?

स्वागत गोड नव्हतं. १९८७मध्ये दर आठवड्याला डझनावारी नवी मुलं शाळांत येत होती आणि वर्ग तळघरांत भरत होते. कंबोडियन आणि लॅटिन अमेरिकन पालक एकत्र येऊन शाळाखात्याविरुद्ध कोर्टात गेले. ‘फक्त इंग्रजी’ म्हणणाऱ्यांच्या सभा होऊ लागल्या. त्याच सप्टेंबरात एका तेरा वर्षांच्या कंबोडियन मुलाला अकरा वर्षांच्या गोऱ्या मुलाने कालव्यात ढकललं आणि तो बुडून मेला. ‘फक्त इंग्रजी’चा आग्रह धरणाऱ्यांतल्या अनेकांचे आजोबा घरी फ्रेंच नाहीतर ग्रीक बोलत वाढले होते.

१९९२मध्ये वांगची कंपनी दिवाळखोरीत गेली. सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून बांधलेले मनोरे १९९४मध्ये लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेले. नोकऱ्या गेल्या, पण माणसं या खेपेला गेली नाहीत. त्यांनी दुकानं थाटली, घरं घेतली आणि त्यांची मुलं मतदार झाली. १९९९मध्ये रिथी उओंग नगरसभेवर निवडून आले. कंबोडियन वंशाचा माणूस अमेरिकेत नगरसभेवर जाण्याची ही पहिलीच वेळ. तरीही २०१७मध्ये शहरातले जवळपास निम्मे लोक गोरे नसताना नऊच्या नऊ नगरसेवक गोरे होते. यात लबाडी नव्हती, गणित होतं. शहराचे प्रभागच पाडलेले नव्हते. सगळे मतदार मिळून सगळ्या नऊ जागा भरायचे. समजा शंभर मतदार आहेत, पंचावन्न एका बाजूचे आणि पंचेचाळीस दुसऱ्या. प्रत्येकाला नऊ मतं. पहिल्या बाजूच्या नऊही उमेदवारांना पंचावन्न-पंचावन्न, दुसऱ्या बाजूच्या नऊही उमेदवारांना पंचेचाळीस-पंचेचाळीस. निकाल पाच-चार नाही, नऊ-शून्य! आपल्याकडे चार सदस्यांचा प्रभाग आला की पक्षांचे लोक बोटं मोजत जो हिशेब करतात, त्याचाच हा मोठा भाऊ.

आशियाई आणि लॅटिन अमेरिकन वंशाचे काही रहिवासी २०१७मध्ये कोर्टात गेले, २०१९मध्ये तडजोड झाली. आठ प्रभाग आणि तीन शहरव्यापी जागा ठरल्या. २०२१मध्ये या पद्धतीने पहिली निवडणूक झाली आणि अकरा जणांच्या सभेत कंबोडियन वंशाचे तिघे आले. त्यांतल्या सोखरी चाऊ यांना सभेने जानेवारी २०२२मध्ये महापौर केलं. अमेरिकेतले पहिले कंबोडियन वंशाचे महापौर. त्यांच्या वडिलांना ख्मेर रूजने मारलं होतं. आईने सात मुलांना घेऊन देश सोडला. सरकारी धोरणानुसार हे कुटुंब आधी लोवेलला नव्हे, पिट्सबर्गला वसवलं गेलं होतं.

याच समाजातल्या काहींची गोष्ट उलट्या दिशेने गेली. २००२मध्ये अमेरिका आणि कंबोडियात एक करार झाला. लहानपणी निर्वासित म्हणून आलेले, नागरिकत्वाचा अर्ज करायचा राहून गेलेले आणि तरुणपणी एखाद्या गुन्ह्यात सापडलेले लोक शिक्षा भोगून झाल्यावरही कंबोडियाला पाठवले जाऊ लागले. त्यांतले काही छावणीतच जन्मलेले. ज्या देशात त्यांना परत पाठवलं, तो देश त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

अलीकडची भर आफ्रिकेची आहे, आणि तिच्यात केनियाची माणसं बरीच. इथे पुन्हा कापड आडवं येतं. स्वाहिलीत कोऱ्या भरड सुती कापडाला शब्द आहे ‘मेरिकानी’. एकोणिसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्सची जहाजं न्यू इंग्लंडच्या गिरण्यांचं कापड झांजिबारला नेऊन विकायची, तेव्हाचं हे नाव. यादवीत तो पुरवठा तुटला आणि पुढे ती बाजारपेठ हळूहळू मुंबईच्या गिरण्यांनी काबीज केली. झांजिबारच्या पेठेत लोवेलची जागा गिरणगावाने घेतली होती. आता ते मेरिकानी नेसलेल्यांचे वंशज त्या गिरण्यांच्या गावात राहायला आले आहेत.

१९९७पासून लोवेलमध्ये ऑगस्टात जलोत्सव होतो. कंबोडियात तो नोव्हेंबरच्या आगेमागे असतो. पावसाळ्यात मेकाँगला इतकं पाणी येतं की तिला मिळणारी तोन्ले साप नदी उलटी वाहत जाऊन वरच्या सरोवराला फुगवते, आणि पावसाळा सरल्यावर ती पुन्हा सुलटी होते, त्याचा हा सण. मेरिमॅक उलटी होत नाही आणि नोव्हेंबरात तिच्या काठी उभं राहिलं तर दात वाजतात, म्हणून ऑगस्ट. लांबलचक होड्यांच्या शर्यती लागतात, काठावर लिंबगवताच्या मसाल्यात मुरवलेलं मांस निखाऱ्यावर भाजत असतं. नृत्यं होतात त्या मंडपाचं नाव सॅम्पस. केरुअॅकच्या सासरचं, ग्रीक.

शर्यती होतात त्या पॉटकेटच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला. गिरण्यांसाठी नदीवर धरणं झाली तेव्हा समुद्रातून येणारे मासे इथवर पोचायचे थांबले होते. १९८०च्या दशकात, एकरमध्ये कंबोडियाची पहिली कुटुंबं सामान उतरवत होती त्याच सुमारास, लोवेलच्या धरणापाशी मासे वर चढवण्यासाठी वाट आणि उद्वाहक बसवला गेला. आता दर वसंतात शॅड पुन्हा वर येतात, आणि मेरिमॅकवरच्या धरणांपाशी एक माणूस बसून ते मोजत असतो.